सील शाबूत, माल गायब

मी मॅट्रिक. मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलो, आता गोदीत घाम गाळतो. हा हमाल कॉम्प्युटरवर काय लिहिणार, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

गोदीत शेंबडं पोरही जाणतं : सील शाबूत असतं, पण कडीचा रिवेट काढून चोरानं माल लंपास केलेला असतो. कॉम्प्युटरचंही तेच. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्राममधून नॉटपेट्या नावाची कीड सुटली आणि इथं न्हावाशेव्यात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. क्रेन धड, माणसं धड, कंटेनर हलेना.

अशी कीड ओळखणं ही आता विद्यापीठातली मोठी विद्या आहे. १९८८ साली अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं सोडलेल्या किडीनं हजारो कॉम्प्युटर लोळवले. पर्ड्यू विद्यापीठाच्या युजीन स्पॅफर्डनं ती चिरून दाखवली, १९९८ मध्ये या विषयाचं केंद्र उभं केलं. मॉरिसवर गुन्हा शाबित झाला, पण तुरुंग झाला नाही. पुढं तो एमआयटीत प्रोफेसर झाला. चुकलेल्या पोराला दुसरी संधी मिळाली, चांगलंच झालं. आमच्या पोराला पहिली तरी मिळते का?

आपल्याकडं २०२१ साली सुप्रीम कोर्टानं पेगॅससच्या चौकशीला तिघं जाणकार नेमले. त्यात आयआयटी मुंबईचे अश्विन गुमास्ते होते. २९ फोन तपासले, ५ मध्ये घातकी प्रोग्राम सापडला. तो पेगॅससच, असं ठरलं नाही. सरकारनं सहकार्य केलं नाही, हे २०२२ मध्ये भर कोर्टात सांगितलं गेलं. म्हंजे नुसती विद्या पुरत नाही, मागं जनतेचा रेटा लागतो.

आणि भीमा कोरेगाव खटला? रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये पत्रं बाहेरून घुसवली, असा अहवाल २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं दिला. तपासयंत्रणेला तो मान्य नाही. पण विल्सन २०१८ ते २०२५ आत राहिले. सील शाबूत होतं का, हे विचारायला अमेरिका गाठावी लागली!

म्हणून मित्रांनो, आपल्या पोरापोरींनी डेटा एंट्रीवर थांबायचं नाही. गणित धरा, संशोधनाच्या खुर्चीपर्यंत जा. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. रुपया कुणाच्या बापाची मिरास नव्हता, कॉम्प्युटरचं कुलूपही नाही. पुराव्यावर माणसं आत जातात. तो पुरावा उघडून बघणारा हात आपलाही हवा.