शीतळामाता आणि शाळेचा दाखला

शाळाप्रवेशाच्या वेळी लसीकरणाचा दाखला मागावा व वैद्यकीय कारणावाचून कोणासही सूट देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. धर्माचे कारण पुढे करणाऱ्यांनी राज्यघटनेचे २५ वे कलम वाचावे. तेथे धर्मस्वातंत्र्य आरोग्याच्या अधीन आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली कोविडची लस सक्तीने टोचता येणार नाही असे म्हटले, तरी लोकहितार्थ वाजवी निर्बंधांस मुभा ठेवली. शाळेतून घरी आलेला गोवर नऊ महिन्यांखालील, लसीच्या वयास न पोहोचलेल्या तान्ह्यास गाठतो. सुरतेत शीतळा सातमीस चुली आजही थंड असतात. ज्या रोगास आपण देवी म्हणत आलो तो मात्र लसीमुळे १९७५ नंतर देशात उरला नाही. त्याने कोणाची श्रद्धा बुडाली?