प्रत्येक इशारा त्रुटी कशाला?



संशयास्पद ओळ दिसली की विदागाराने ती थेट त्रुटी ठरवावी, हा याच सदरातील एका पत्राचा आग्रह दोन निराळ्या दोषांची गल्लत करतो. पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेस विदागाराच्या आत चालणाऱ्या आज्ञाभाषेत इशारे कोणते आणि त्रुटी कोणत्या, याच्या दोन याद्या 2014 पासून स्वतंत्रपणे ठरवता येतात. ऊसबिलाचे फंक्शन ‘दर’ बाहेरून घेत असेल आणि आतल्या खंडात त्याच नावाचे चल पुन्हा घोषित झाले, तर बाहेरचा दर झाकला जाऊन रक्कम रिकामी राहते. असे झाकलेले चल शोधणारी तपासणी फंक्शन साठवतानाच होत असल्याने तिला त्रुटीचा दर्जा खुशाल द्यावा. पोस्टग्रेसच्या 2019 च्या 12 व्या आवृत्तीतली तपासणी मात्र वेगळी: एका सभासदाच्या दोन ऊसनोंदी सापडल्या असता एरवी पहिलीच मुकाट्याने उचलली जाते, ते ही तपासणी दाखवते, पण फंक्शन प्रत्यक्ष चालवतानाच. बारामती-इंदापूरकडच्या एखाद्या कारखान्यात ती ऐन गाळपात त्रुटी ठरली, तर ऊस नियंत्रण आदेशाने 14 दिवसांची मुदत घातलेली बिलेच अडतील. चाचणीत त्रुटी, हंगामात इशारा आणि ते इशारे रोज वाचणारा कोणीतरी, एवढे पुरे. मुळात दोन्ही याद्या रिकाम्याच मिळतात, हे त्या पत्रात आलेले नाही.