मुलांच्या वाट्याचें पिंपभर पाणी

मुलांच्या क्रीडांगणांत पाण्याच्या खेळाचीं साधनें असावींत, आणि तीं कन्नड तालुक्यांतील देवगांव रंगारीसारख्या गांवींही असावींत, असें आम्हीं म्हटलें कीं सुज्ञ गृहस्थांच्या भिवया वर चढतात. "जेथें टँकरची वाट पाहावी लागते, तेथें हे चोचले कशाला?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. हेच गृहस्थ सुटींत तिकिटें काढून आपल्या मुलांस जलक्रीडा-उद्यानांत नेतात. यंत्रानें उसळविलेल्या लाटांत तीं दिवसभर डुंबतात, आणि त्या वेळीं दुष्काळाची आठवण कोणासही होत नाहीं. म्हणजे हरकत खेळाच्या पाण्यास नाहीं. तें फुकट खेळणाऱ्या खेड्यांतील पोरांस आहे.

२०१६ सालचा दाखला हटकून पुढें केला जातो. त्या वर्षीं एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, आणि त्याच महिन्यांत उच्च न्यायालयानें क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्यास सांगितलें. योग्यच झालें. पण त्यावरून मुलांनीं पाण्यास हातच लावूं नये असें ठरविणें म्हणजे उसाच्या फडास मोकळीक देऊन पोराच्या ओंजळीवर पहारा बसविणें होय. पाटानें भिजविलेल्या उसास हंगामांत सुमारें २००० मिलिमीटर पाणी लागतें. एकरीं तें ऐंशी लाख लिटरांच्या घरांत जातें. आम्ही मागतों तें दिवसास दोनशे लिटरांचें एक पिंप, वर्षाकांठीं ७३,००० लिटर. एका एकराच्या शंभराव्या हिश्श्यासही तें पोंचत नाहीं, आणि खेळून झाल्यावर झाडांच्या आळ्यांत जातें.

साधनें म्हणजे तरी काय? बाजारांतील प्लास्टिकच्या रंगीत छत्र्या आणि कारंजीं आम्हांस नकोत. त्यांखालीं मूल नुसतें भिजतें, करीत कांहीं नाहीं. एक ठेंगणा हातपंप, त्याखालीं उतरती पन्हळ, पाणी अडवावयास चार सुट्या फळ्या, शेवटीं एक लांकडी चाक आणि वीतभर खोलीचा वाळूचा हौद, एवढें गांवच्या सुतार-गवंड्यांकडून होतें. मुलें पाणी अडवितील, फोडतील, भांडतील, दारें धरतील. उतार, वेग, जोर हे शब्द फळ्यावर येण्यापूर्वीं त्यांच्या हातांत आलेले असतील. छत्रपति संभाजीनगरची पाणचक्की पाहावयास शाळांच्या सहली जातात. दूरच्या डोंगराकडून खापरी नळांनीं आणलेलें पाणी उंचावरून पाडून दगडी जातें कसें फिरविलें, हें सांगितलें जातें आणि मुलें माना डोलावितात. ज्यानें स्वतः फळी सरकवून चाक फिरविलें आहे, तोच तेथें खरा प्रश्न विचारील. माँटेसोरीबाईंनीं एका भांड्यांतून दुसऱ्यांत पाणी ओतण्यास शिक्षणांत मानाचें स्थान दिलें. ताराबाई मोडकांनीं १९४५ पासून बोर्डीस खेड्यांतील साध्या वस्तूंवर बालशिक्षण उभें केलें. तेव्हां ही कल्पना परकी म्हणून झिडकारतां येणार नाहीं. (शिवाय गांवाच्या नांवांतच रंगारी आहे, पाण्यावांचून तो धंदा चालेल कसा?)

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. मुलींस पाण्याची ओळख होते ती हंड्याच्या ओझ्यानें, मुलग्यांस विहिरीच्या धाकानें. ओढ मात्र सर्वांसच असते, आणि ती भागविण्यास जागा नसली कीं पोरें शेततळ्याकडे वळतात. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळें' या योजनेनें राज्यांत अशीं तळीं पुष्कळ झालीं. त्यांतील प्लास्टिकचें अस्तर ओलें झालें कीं पाय ठरत नाहीं, आणि पोहणाऱ्यासही कांठ चढतां येत नाहीं. तेथें मुलें बुडाल्याच्या बातम्या पुनःपुन्हा छापून येतात. आम्ही हळहळतों व पान उलटतों. त्या पोरांस गुडघ्याखालचें पाणी कोणीं दिलें होतें?

डासांची धास्ती असेल तर हौदाच्या तळाशीं बूच ठेवून तो रोज संध्याकाळीं रिकामा करावा. खर्चाची असेल तर ग्रामपंचायतीनें वेशीवरील स्वागत-कमान एक वर्ष पुढें ढकलावी. आणि टँकर सुरू होईल त्या दिवशीं पंपास साखळी घालून कुलूप लावावें. किल्ली मात्र मुलांच्याच हातीं द्यावी.