नंबर नाही, विमा नाही. मग जबाबदार कोण?

आपल्या बेळगाव-निपाणी भागातील माणसाला गाडीचा नंबर वाचायची सवय लहानपणापासूनच लागते. केए-२२ म्हणजे बेळगावची, केए-२३ म्हणजे चिकोडी-निपाणीकडची, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूरची, एमएच-०७ म्हणजे सावंतवाडी-कुडाळकडची आणि जीए म्हणजे चोर्ला घाट चढून आलेली. कोगनोळी नाक्यावर चहाला थांबले तरी घटकाभरात तीन राज्यांची हजेरी घेऊन होते. परंतु अलीकडे आपल्या भागात अशा काही गाड्या फिरू लागल्या आहेत, की ज्यांना नंबरच नाही. त्या गाड्यांविषयी आज चार शब्द लिहायचे आहेत.

या गाड्या म्हणजे एटीव्ही. जाड टायरची, चार चाकांची, मोटारसायकलसारखे हँडल असलेली गाडी. मालवण-तारकर्लीच्या वाळूवर ती बहुतेकांनी पाहिली असेल. आता घाटमाथ्यावरील रिसॉर्टमध्ये आणि शेतावरील पर्यटनाच्या ठिकाणीही ती आली आहे. पैसे भरायचे, शिरस्त्राण डोक्यावर ठेवायचे आणि चिखलातून चार फेऱ्या मारायच्या. जोडीला पावसाळ्यात जीपगाड्या घेऊन रानातल्या वाटा तुडवणारी मंडळी आहेतच. आणि आपल्या गावच्या जत्रेत ट्रॉलीसकट ट्रॅक्टर मागे घेण्याची शर्यत लागते, तीही याच प्रकारातली मानली पाहिजे. रस्ता सोडून, हौसेसाठी, लोकांच्या गर्दीत इंजिनाची गाडी चालवणे हा या सर्वांतला समान भाग.

हौसेला आमचा विरोध नाही. आमच्या जुन्या घरांपैकी कितीतरी घरांच्या अंगणात एके काळी लष्कराच्या लिलावातली जीप उभी असे. ती रस्त्यावर कमी आणि शेताच्या बांधावरच जास्त चाले. आम्हीही तिच्या मागच्या फळीवर बसून भाताच्या खाचरातून हिंडलो आहोत. त्यामुळे हे लिखाण तरुणांच्या आनंदावर पाणी ओतण्यासाठी आहे असा गैरसमज कृपया करून घेऊ नये.

गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत आमचे मेहुणे मुलाबाळांसह अशाच एका ठिकाणी गेले होते. स्वतः गाडीवर बसले नव्हते. दोरी बांधली होती तिच्या अलीकडे उभे राहून मुलांचे फोटो काढत होते. दुसऱ्या एका कुटुंबातला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा एटीव्ही चालवत होता. वळणावर त्याने ब्रेकऐवजी गती वाढवली आणि गाडी दोरी तोडून यांच्या पायावर आली. मांडीचे हाड मोडले. दोन शस्त्रक्रिया झाल्या, चार महिने दुकान बंद राहिले. मुलाला काही झाले नाही, ही देवाची कृपा.

त्यानंतरची हकिकत वाचकांनी नीट ऐकावी. दवाखान्यातून पोलिसांना वर्दी गेली. जबाब घ्यायला आलेल्या हवालदारांनी पहिला प्रश्न केला, "गाडीचा नंबर काय?" आम्ही सांगितले, नंबर नाही. "विमा कोणत्या कंपनीचा?" विमाही नाही. कागदावरचे दोन्ही रकाने तसेच मोकळे राहिले. जागेच्या मालकाने एक छापील कागद पुढे केला. आत येताना सर्वांनी "स्वतःच्या जबाबदारीवर" अशी सही केलेली होती, मेहुण्यांनीसुद्धा. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने पहिल्या दिवशीचे बिल भरले, दोनदा भेटायलाही आला. परंतु लाखांच्या घरातला खर्च त्याच्याही आवाक्याबाहेरचा होता. विमा हा अशाच प्रसंगासाठी असतो आणि नेमका तोच नव्हता.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ३९ सांगते, की नोंदणी नसलेले मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी "किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी" चालवता येणार नाही. विम्याचे कलम १४६ मात्र फक्त "सार्वजनिक ठिकाणा"पुरते बोलते. म्हणजे नोंदणीची अट रुंद आणि विम्याची अट अरुंद. त्यातही मुळात मोटार वाहन कशाला म्हणायचे? कलम २ च्या व्याख्येप्रमाणे रस्त्यावर वापरण्याजोग्या यांत्रिक वाहनाला. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन त्यातून वगळले आहे. विकणारा कोटेशनवरच छापतो, "फक्त रस्त्याबाहेरील वापरासाठी". ज्या नमुन्याला केंद्रीय नियमांखालची मान्यता नाही, त्याची नोंद आर.टी.ओ. करून घेत नाही. नोंद नाही म्हणून विमा नाही. मालक म्हणतो, माझे आवार बंदिस्त आहे. पण तिकीट काढून रोज शेकडो माणसे ज्या आवारात येतात ते बंदिस्त कसे? २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका खटल्यात एक्स्कॅव्हेटर आणि रोड रोलर हीसुद्धा मोटार वाहनेच आहेत असे ठरवले. रोड रोलर मोटार वाहन असेल, तर लोकांच्या गर्दीत धावणारी एटीव्ही का नसावी, असा प्रश्न सामान्य माणसाला पडणारच.

हा शब्दांचा कीस आम्ही उगाच काढत नाही. त्यावर पैसे अवलंबून आहेत. रस्त्यावर नोंदणीकृत गाडीने एखाद्याला उडवले, तर त्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. हेच हाड दोरीच्या अलीकडे मोडले, तर आधी "ही गाडी मोटार वाहन आहे काय" यावर वाद घाला, नाहीतर दिवाणी न्यायालयात रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरून बसा. ज्याने तिकीट काढले त्याला ग्राहक आयोगाचा मार्ग तरी आहे. कुंपणाबाहेरून जाणाऱ्या गुराख्याला धक्का लागला, तर तो कोणाचा ग्राहक?

नोंदणी आणि विमा असलेल्यांनीही निश्चिंत राहू नये. आम्ही बँकेत कर्जाच्या टेबलावर बसतो. दर आठवड्याला आमच्या हाताखालून जीप आणि ट्रॅक्टरच्या पॉलिश्या जातात. त्यात "वापराच्या मर्यादा" असा एक परिच्छेद असतो. खाजगी गाडीच्या पॉलिशीत तेथे स्पष्ट लिहिलेले असते, की आयोजित शर्यत, वेगाची चाचणी वगैरे वापराला हा विमा लागू नाही. तिसऱ्या पक्षाच्या दाव्यातसुद्धा कंपनीला हा बचाव घेण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या वापरासाठी असतो. जत्रेच्या मैदानावर ट्रॉली मागे घेताना माणूस चिरडला, तर कंपनी पहिल्यांदा हाच परिच्छेद दाखवील. शिवाय ट्रॅक्टर आणि ट्रॉली या दोघांचा विमा उतरवावा लागतो. पुष्कळ शेतकरी ट्रॅक्टरचा उतरवतात आणि ट्रॉलीचा विसरतात.

येथे स्वतःच्या पदरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थाने पर्यटनाच्या धंद्यासाठी चार एटीव्ही घ्यायच्या म्हणून कर्ज मागितले. वाहन कर्जाची आमची पद्धत ठरलेली. चेसिस नंबर, इंजिन नंबर, आर.सी. बुकावर बँकेचा बोजा, पॉलिशीवर बँकेचे नाव. येथे आर.सी. बुकच नव्हते. मग प्रकरण यंत्रसामग्रीच्या कर्जात बसवले गेले आणि विमाही यंत्रसामग्रीचाच घेतला. आग, चोरी, मोडतोड झाली तर बँकेचे पैसे सुरक्षित. माणसाला लागले तर? तो रकाना त्या फॉर्ममध्ये नव्हताच. फाइल आमच्याच हाताने पुढे गेली आणि त्या वेळी आमच्या मनातही हा प्रश्न आला नाही. मेहुण्यांच्या उशाशी बसल्यावर तो आला. म्हणून दोष केवळ सरकारवर टाकून आम्हाला मोकळे होता येत नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. १३ ऑगस्ट २००७ रोजी युरोपातील स्लोव्हेनिया देशात एका शेतावर कोठारात गवताच्या पेंड्या चढवण्याचे काम चालू होते. दामियान व्हनुक नावाचे गृहस्थ शिडीवर होते. ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर अंगणात मागे येत असता शिडीला धडकला आणि ते खाली पडले. विमा कंपनी म्हणाली, विमा रस्त्यावरील वाहनाचा आहे, शेतावरील यंत्राचा नाही. खटला थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. ४ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की वाहन त्याच्या नेहमीच्या कामासाठी वापरले जात असेल, तर खाजगी अंगणातल्या वापरालाही सक्तीचा विमा लागू होतो. या निकालावर मोठा गदारोळ झाला. गवत कापायच्या यंत्रालाही विमा काय, अशी थट्टा झाली. ब्रिटनने २०२२ साली कायदा करून तो निकाल आपल्यापुरता रद्द केला. म्हणजे सरसकट सक्तीलाही मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. मधला मार्ग पाहायचा असेल, तर कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात पाहावा. तेथे अशा गाड्यांना नोंदणी आणि विमा आवश्यक आहे, परंतु मालक स्वतःच्या जमिनीवर चालवत असेल तर विम्याची सूट आहे.

आपल्याकडे या सूचनेला पहिला आक्षेप येईल तो आर.टी.ओ.च्या नावाने. "आधीच त्या कचेरीत एजंटाशिवाय पान हलत नाही, त्यात आणखी एक कागद कशाला?" आक्षेप खरा आहे. सीमाभागात त्यात भाषेची भर पडते. कन्नडमधील फॉर्म समजत नाही म्हणून आमचा शेतकरी एजंटाने दाखवलेल्या जागी अंगठा किंवा सही करतो आणि कशावर सही केली हे त्याला ठाऊक नसते. विम्याची अट न समजता घेतलेला विमा हा विमा नसल्यासारखाच. दुसरी अडचण राज्याच्या हद्दीची. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली, तर कलम ४७ प्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो. ज्याचे घर निपाणीत आणि शेत कागल तालुक्यात, त्याची यातली ओढाताण आम्ही नव्याने सांगायला नको.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो मात्र आम्हाला पटत नाही. २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे ७५ ते १५० सी.सी.च्या दुचाकीचा तिसऱ्या पक्षाचा वार्षिक हप्ता ७१४ रुपये ठरला. एटीव्ही भाड्याने देणाऱ्याचा हप्ता याहून बराच अधिक ठरला, तरी चार चाकांची गाडी घेऊन धंदा करणाऱ्याला तो जड जाऊ नये.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. रस्त्याबाहेर चालणारी जी गाडी भाड्याने दिली जाते किंवा तिकीट लावून, जत्रेत वा स्पर्धेत लोकांसमोर चालवली जाते, तिला नोंदणी, दिसेल असा क्रमांक आणि तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा करावा. ते आवार सार्वजनिक ठिकाणच समजावे.

२. स्वतःच्या शेतात स्वतःच्या कामासाठी वापरणाऱ्या शेतकऱ्यावर नवा बोजा टाकू नये.

३. जत्रा कमिटी आणि स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी एक-दोन दिवसांचा स्वस्त विमा विमा कंपन्यांनी काढावा आणि तो असल्याशिवाय परवानगी देऊ नये.

४. अर्ज, पॉलिशीतील अटी आणि दाव्याचे फॉर्म सीमाभागात मराठीतूनही मिळावेत.

५. असा क्रमांक कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांनी एकमेकांचा मानावा.

मोटार वाहने हा घटनेच्या समवर्ती सूचीतला विषय आहे आणि विमा केंद्राच्या सूचीतला. त्यामुळे आमदार खासदाराकडे बोट दाखवतील आणि खासदार आमदाराकडे. आपण दोघांनाही निवेदन द्यावे. बेळगाव आणि चिकोडीच्या खासदारांबरोबर उत्तर कन्नडच्या खासदारांनाही विसरू नये, कारण आपला खानापूर तालुका त्यांच्या मतदारसंघात येतो.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत मुलांना घेऊन अशा ठिकाणी जाणाऱ्या प्रत्येकाने खिडकीवर पैसे देण्याआधी विचारावे, की माझ्या मुलाच्या गाडीने दुसऱ्याला लागले तर विमा कोणाचा? उत्तर "सही करा, काही होत नाही" असे आले, तर पैसे परत खिशात घालावेत. जत्रा कमिटीतील आमच्या मंडळींनीही यंदा मांडवाचा आणि बक्षिसाचा हिशेब करताना विम्याची एक ओळ त्यात धरावी. मेहुणे आता काठी टेकत दुकानात येतात. त्यांच्या प्रकरणाच्या कागदावर गाडीच्या नंबराचा रकाना अजून मोकळाच आहे.