सव्वा तासावरचं पुणे

इंदूर ते पुणे अंतर किती, असं मोबाईलला विचारलं की उत्तर येतं: सरळ हवेतून साधारण ५१० किलोमीटर, विमानाने सव्वा तास. मीही सगळ्यांना हेच सांगायचे. रामबागेतून निघून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये विजयनगर गाठायचं, त्यापेक्षा थोडा जास्त वेळ, की आलं पुणं!

मग डिसेंबरात मावशीला अचानक दवाखान्यात भरती केलं. फोन आला रात्री आठला. सकाळच्या विमानाचं तिकीट पाहिलं तर आईच्या जवळजवळ निम्म्या पगाराएवढं. "राहू दे गं, बसने जाते," म्हणाली आणि निघालीसुद्धा. मानपूर, खलघाटला नर्मदा, सेंधवा, बिजासन घाट, पुढे धुळे, मालेगाव, मनमाड, नगर. घाटात ट्रकांची रांग लागलेली. आई पोहोचली दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला. मावशीला सकाळीच ऑपरेशनला नेलं होतं. मावशी आता बरी आहे. पण आत नेताना ती "ताई आली का?" असं विचारत होती, ते आईला नंतर कळलं.

तेव्हापासून तो सव्वा तास मला खटकतो. विमान जागेवरून हलतं तिथपासून पलीकडे जाऊन उभं राहीपर्यंतची ती वेळ. त्याआधी तासभर बंद होणारं काउंटर, तपासणीची रांग, लोहगावहून शहरात जाणं, हे धरलं तर घरापासून घरापर्यंत चार-पाच तास सहज. तरी बसपेक्षा कितीतरी बरं, हे कबूल. पण खिशाला परवडलं तर ना!

आणि रेल्वे? तिचा तर नकाशाच पाहा. दक्षिणेला जायचं म्हणून आपण आधी उत्तरेला उज्जैनला जातो! तिथून रतलाम, दाहोद, वडोदरा, सुरत, वसई, कल्याण आणि मग पुणे. ५१० चे साडेनऊशेच्या वर किलोमीटर होतात, सोळा-सतरा तास लागतात. कारण एकच, इंदूरहून मनमाडला सरळ रूळच नाहीत.

२ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर–मनमाड मार्ग मंजूर केला. ३०९ किलोमीटर, ३० नवी स्टेशनं, १८,०३६ कोटींचा खर्च. मनमाडहून दौंडमार्गे पुणे सव्वातीनशेच्या आत आहे, बेरीज तुम्हीच करा.

नवी फ्लाइट सुरू झाली की आपण स्टेटस टाकतो. मनमाडच्या रुळांचं काम कुठवर आलं, हे मात्र आपल्या मराठी घरांत, आपल्या मंडळात, कोणी विचारत नाही. मला वाटतं विचारायला हवं, आणि पुन्हा पुन्हा. इथल्या बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी तिकडे आहे, आणि विमानाचं तिकीट ऐन वेळी काढू शकणारी घरं थोडीच.

काम २०२८-२९ पर्यंत पूर्ण करायचं ठरलंय. परवा आईने सहज विचारलं, "तोवर मी रिटायर होईन का गं?"

ती २०२९ मध्ये रिटायर होतेय.