चालायला निघालात ना? मग चाला की!

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींशी माझं एक जुनं भांडण आहे. यंदा घरातलेच एक बंधुराज निघाल्यामुळे म्हटलं, चारचौघांत भांडून टाकावं. तर मंडळी, भांडण असं आहे: तुम्ही तीन महिने भलतीच तयारी करता, आणि खरी तयारी ज्या आठवड्यात व्हायची तो आठवडा विमानात बसून ओलांडून टाकता.

आमच्या मामेभावाचंच घ्या. (मामी हे वाचते, हे मला ठाऊक आहे. मामी, लाडवांबद्दल तक्रार नाही.) दर रविवारी सिंहगड, तोही पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन. कौतुक आहे. बूट झाले, काठ्या झाल्या, पिसांचं जाकीट झालं, दोन पॉवर बँका झाल्या. जेवणाच्या टेबलावर रोज नव्या वस्तूची चर्चा. या सगळ्यात एकदाही कोणी विचारलं नाही की बाबा रे, तू पुण्याहून त्या डोंगरापर्यंत पोचणार कसा? ते म्हणे टूरवाले बघतात!

टूरवाले काय बघतात ते मी पत्रकात वाचलं. शनिवारी सकाळी पुण्याहून विमान, दिल्लीला बदलून संध्याकाळी काठमांडू. रात्री एक-दीडला उठवून गाडीत कोंबायचं, कारण हंगामात लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूहून न सुटता रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात. तो रस्ता चार-पाच तासांचा आणि घाटाचा. उजाडताना रामेछाप, मग हवा चांगली असली तर वीस मिनिटांत लुक्ला. तिथे चहा पिऊन लगेच फाकदिंगपर्यंत चाल. सोमवारी नामचे. म्हणजे शनिवारी सकाळी साडेपाचशे-सहाशे मीटरवर पोहे खाणारा माणूस सोमवारी रात्री ३,४४० मीटरवर झोपायला जाणार. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. तिच्या दुपटीहून जास्त! आणि मधली एक रात्र झोपेविना गेलेली.

इथे सिंहगड कामाला येत नाही. दम वाढतो, मांड्या तयार होतात, दही मिळतं, सगळं खरं. पण विरळ हवेचा त्रास कुणाला होईल हे मांड्या बघून ठरत नाही. धडधाकट तरुण आडवे होतात आणि साठीच्या काकू टुकूटुकू वर जातात. शरीराला त्या हवेची सवय व्हायला दिवस लागतात, आणि हे दिवस पुण्यात काढता येत नाहीत. डॉक्टर साधारण असं सांगतात की ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. तिथे समुद्रकाठच्या जवळजवळ निम्माच प्राणवायू मिळतो. आमच्या पत्रकात मात्र दिंगबोचेची विश्रांती कापलेली आहे, आणि खाली बारीक अक्षरात 'डायमॉक्स सोबत ठेवावी' असं लिहिलंय. म्हणजे दिवसाची जागा गोळीने भरून काढायची! गोळी मदत करते, पण ती कापलेला मुक्काम परत आणून देत नाही.

पूर्वी हा प्रश्न कसा सुटायचा? आपोआप सुटायचा. १९५३ साली जॉन हंट यांची मोहीम काठमांडूच्या खोऱ्यातून निघाली आणि तेंगबोचेला पोचायला तिला सतरा दिवस लागले. आणि मग तिथे पोचल्यावरही ती माणसं लगेच डोंगराला भिडली नाहीत, जवळपास तीन आठवडे आसपासची शिखरं, खिंडी करत राहिली. विमान नव्हतं म्हणून चालले, कबूल. पण त्या सतरा दिवसांत बूट पायाला बसले, नको असलेलं सामान कळलं, माणसं एकमेकांना ओळखायला लागली.

लुक्लाची धावपट्टी हिलरींनीच १९६४ मध्ये करवून घेतली, हे खरं आहे. तीसुद्धा कशासाठी? खुंबूतल्या शाळा-दवाखान्यांचं सामान नेता यावं म्हणून. जमीन घट्ट करायला शेर्पांनी तिच्यावर नाच केला होता, ही गोष्ट मला फार आवडते. पण आपली रजा वाचावी म्हणून काही ते नाचले नव्हते.

"अहो, पण रजाच नाही ना!" हे उत्तर मला तोंडपाठ आहे. हजारो लोक दर वर्षी विमानाने जाऊन सुखरूप परत येतात, हेही मान्य. नामचे आणि दिंगबोचेला नीट थांबणाऱ्यांबद्दल माझी कुरकुर कमी आहे. पण रजा बारा दिवसांची आहे म्हणून डोंगराने बारा दिवसांत बसावं, हा कुठला न्याय? पंढरपूरला जाणारा वारकरी आळंदीपासून वाखरीपर्यंत गाडीने जाऊन शेवटचे काही किलोमीटर चालला, तर त्याला आपण पायी वारी म्हणू का? (दर्शनाला गेला म्हणू. तेही चांगलंच आहे.)

आणि घाईची किंमत आपणच देतो असंही नाही. त्या यादीतल्या सगळ्या वस्तू कोण वाहतं? बहुधा दोन प्रवाशांच्या बॅगा एका भरियाच्या पाठीवर बांधतात, म्हणजे तीसेक किलो. घाई तुमची, चढ त्याचा. वर कोणी आजारी पडलं की हेलिकॉप्टर. त्यातही २०१८ साली विम्याच्या पैशांसाठी गरज नसताना लोकांना हेलिकॉप्टरने खाली आणण्याचे प्रकार उघडकीस आले आणि नेपाळ सरकारला चौकशी करावी लागली. धास्तावलेला, अर्धवट झोपेतला प्रवासी अशांना सोपा सापडतो.

रस्ता अजून आहे हो! लोकमान्य टिळक टर्मिनसहून गोरखपूरला गाडी जाते, तिथून सुनौलीची सीमा, तिथून काठमांडूची बस. आपल्याला व्हिसा लागत नाही. काठमांडूहून दिवसभर बस खात जिरीला जायचं, ते १,९०० मीटरच्या आसपास. मग भंडार, सेते, ३,५३० मीटरची लामजुरा खिंड, जुनबेसी, नुनथला, खारीखोला. सहा-सात दिवस नुसते चढ-उतार. लामजुरा ओलांडून पुन्हा खाली उतरता तेव्हा शरीर आपलं काम गुपचूप करत असतं. आता त्या वाटेवर बरेच ठिकाणी जीपचा रस्ता आलाय, धूळ आहे, आणि विमानं सुरू झाल्यापासून खालच्या गावांतल्या लॉजवाल्यांचा धंदा बसलाय. म्हणूनच तिथे खोली मिळते आणि चुलीपाशी बसून गप्पाही मिळतात.

रजा वाढत नसेल तर मुक्काम बदला. सोळा-सतरा दिवस असले तर जिरीहून चालत नामचे गाठा, एक दिवस वर स्यांगबोचेला जाऊन एव्हरेस्ट बघा आणि परत येताना हवं तर लुक्लाहून उडा. उतरताना घाई केली तर कुणाचं डोकं दुखत नाही. फोटोत बेस कॅम्पचा तो दगड येणार नाही, एवढंच.

बंधुराजांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, आगाऊ रक्कम भरून झालीय. मग निदान दिंगबोचेचा मुक्काम वाढवून घे आणि परतीचं तिकीट तीन दिवस पुढे ढकल, म्हटलं. बघतो म्हणालाय. मामी, तुम्हीही जरा लावून धरा.