नंदी मागच्या बाजूला

औंढ्याला पहिल्यांदा येणारा माणूस नागनाथाच्या देवळाभोवती फिरताना एकदा तरी थबकतो. नंदी समोर दिसत नाही, तो मागच्या अंगाला आहे. गावातलं कोणतंही पोर मग त्याला गोष्ट सांगतं. नामदेवांना पुढच्या बाजूला कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी राहिला होता तिथेच. गोष्टीचं खरंखोटं हा आमच्या मासिकाचा विषय नाही. पण परदेशी सून घरी आणायची म्हणून कागदांची पिशवी घेऊन येणारी कुटुंबं पाहिली की हा नंदी आठवतो. सगळं घर एका दिशेला तोंड करून वाट पाहत असतं, आणि कायद्याचं दार भलत्याच बाजूला असतं.

‘हा विषय तालुक्याच्या वकिलाचा नाही, मुंबई-पुण्यातल्या व्हिसावाल्यांचा आहे’ असं आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा इथली मुलं पुणे-हैदराबादमार्गे पुढे समुद्रापार गेलेली आहेत. शिवाय औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. जगभरचे शास्त्रज्ञ या रस्त्याने ये-जा करू लागतील तेव्हा सोयरिकीही दूरच्या होतील, त्यात नवल नाही. पण खरं कारण वेगळं आहे. अशा प्रकरणात दिल्लीत किंवा वकिलातीत जो कागद अडतो, तो बहुतेक वेळा तालुक्यातच तयार झालेला असतो. तो आपल्यापैकीच कुणीतरी लिहिलेला, शिक्का मारलेला किंवा नजरेखालून घातलेला असतो.

समजा, जवळा बाजारकडचे एक गृहस्थ फोन करतात. “वकीलसाहेब, पोराचं लगीन धरलंय. पोरगी पोलंडची हाय. तिथी निघाली, मंडप सांगितलाय. व्हिसाचं तेवढं बघा.” मुलगा तिकडेच नोकरीला आहे, तीन आठवड्यांची रजा काढून येणार आहे. मुलगी ३० दिवसांच्या ई-पर्यटक व्हिसावर येणार आहे. या फोनला ‘बघतो’ असं उत्तर देणं सर्वांत सोपं, आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

पहिला प्रश्न व्हिसाचा नाहीच, लग्न कोणत्या कायद्याखाली लागणार हा आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ दोन हिंदूंमधल्या लग्नाला लागू होतो. गुल्लीपिल्ली सोवरिया राज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितलं आहे. मुलगी ख्रिस्ती असेल तर नागनाथासमोर सप्तपदी होऊन, हजार लोक जेवून गेले, तरी त्या कायद्याखाली ते लग्न ठरत नाही. मग कुणीतरी सुचवतं, आधी शुद्धी करून घेऊ. मराठवाड्यात आर्य समाजाची परंपरा जुनी आणि मानाची आहे, हैदराबादच्या लढ्यात तिचा वाटा मोठा आहे. जिला मनापासून धर्म बदलायचा आहे तिने तो बदलावा. पण केवळ दाखल्यासाठी एका परक्या मुलीला न समजणाऱ्या भाषेत धर्म बदलायला लावणं आम्हाला गैर वाटतं. वकील म्हणून ते धोक्याचंही आहे. पुढे चौकशीत ‘धर्म का बदललास’ हा प्रश्न तिलाच विचारला जातो आणि ती खरं तेच सांगते.

नोटरीसमोरचं लग्न हा तर प्रकारच बंद करायला हवा. शंभराच्या मुद्रांकावर ‘आम्ही पती-पत्नी म्हणून राहू’ असं प्रतिज्ञापत्र करून, लाल शिक्का मारून, दोन फोटो चिकटवून दिले की झालं लग्न! नोटरींनी विवाहाची किंवा घटस्फोटाची प्रतिज्ञापत्रं करू नयेत असं केंद्राच्या विधी कार्य विभागाने २०२४ मध्ये लेखी बजावलं, तरी हे चालूच आहे. देशी जोडप्याचं अशा कागदावर पुष्कळदा निभावतं. परदेशी नागरिकाच्या फाइलमध्ये मात्र तो पहिल्याच टेबलावर बाजूला पडतो.

राहतो विशेष विवाह अधिनियम, १९५४. इथे गणित मांडून दाखवल्याशिवाय अशिलाला पटत नाही, म्हणून मांडतो. कलम ५ प्रमाणे नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एक तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला असला पाहिजे. नोटीस लागल्यावर आणखी ३० दिवस आक्षेपांसाठी. त्यानंतर लग्न, तेही नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर आणि मुलगी महिन्याच्या व्हिसावर. त्याचे हिंगोली जिल्ह्यातले ३० दिवस भरण्याआधीच त्याचं परतीचं विमान असतं. ‘दाखला देऊ की राहत असल्याचा’ असं म्हणणारा पुढारी प्रत्येक गावात असतो. पासपोर्टवरचा आगमनाचा शिक्का मात्र पुढाऱ्याचं ऐकत नाही.

म्हणून अशा कुटुंबाला आम्ही सांगू, नोंदणी तिकडे, जेवणावळ इकडे. मुलगा जिथे राहतो तिथल्या कायद्याने रीतसर लग्न लावून घ्या, किंवा तिथल्या भारतीय दूतावासात विदेशी विवाह अधिनियम, १९६९ खाली. त्या देशाच्या दाखल्यावर ॲपोस्टिल घ्या. भारत ॲपोस्टिलच्या हेग करारात २००५ पासून आहे. (जर्मनीने भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतला होता, त्यामुळे जर्मन सुनेच्या कागदांचा मार्ग आधी विचारून घ्यावा.) मग औंढ्यात मंडप घाला, वाजंत्री लावा, गावजेवण द्या. आई-वडिलांचा विरस होत नाही आणि कागदही स्वच्छ राहतो.

फक्त एक करू नका. गावजेवण झाल्यावर ग्रामसेवकाकडे जाऊन त्याच लग्नाची दुसरी नोंद घालू नका. (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गाव ग्रामसेवकच म्हणतं.) महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ खालचा दाखला लवकर हातात पडतो, म्हणून मोह होतो. पण त्या दाखल्याने न ठरलेलं लग्न ठरत नाही. शिवाय एकाच जोडप्याच्या लग्नाच्या दोन तारखा जन्माला येतात, एक पोलंडची, एक औंढ्याची. पुढे अर्जात कोणती लिहायची? एक लिहिली की दुसरी लपवली असं दिसतं. अशा दोन तारखांचा खुलासा करणारी प्रतिज्ञापत्रं लिहिण्यात आपली निम्मी मेहनत जाते.

नावांचंही तसंच. आपल्याकडे सून उंबरठा ओलांडते तेव्हा तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव आपोआप लागतं, कधी तिचं नावच बदलतं. पत्रिकेवर हौसेने काहीही छापा. शासकीय कागदावर मात्र तिच्या पासपोर्टावर आहे तेच नाव, त्याच क्रमाने, त्याच अक्षरांत लिहा. मुलाच्या कागदांत आमच्या भागाचा एक खास गुंता असतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधी जन्मलेल्या मुलाच्या जन्मनोंदीवर आणि शाळेच्या टीसीवर जिल्हा परभणी असतो, आधारवर हिंगोली. आपल्याला यात काहीच वावगं वाटत नाही. परक्या देशातल्या अधिकाऱ्याला मात्र ही दोन वेगळी गावं वाटतात. अशा वेळी जिल्हा विभाजनाचा उल्लेख असलेलं एक पानी निवेदन आधीच जोडावं. शंका येण्यापूर्वी दिलेला खुलासा आणि नंतर दिलेला खुलासा यांत फार फरक असतो.

आता व्हिसा. भारतीय नागरिकाच्या परदेशी पती किंवा पत्नीसाठी प्रवेश व्हिसा असतो, त्यातला ‘एक्स-२’ हा उपवर्ग. तो भारतीय दूतावासातून घेऊनच सुनेने यावं हा उत्तम मार्ग. साध्या पर्यटक व्हिसावर येऊन इथे लग्न झालंच, तर त्याचं प्रवेश व्हिसात रूपांतर मागता येतं, पण अर्ज मूळ मुदत संपण्यापूर्वी गेला पाहिजे. अर्ज ई-एफआरआरओ पोर्टलवर करायचा. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हेच विदेशी नागरिक नोंदणी अधिकारी. मग गावात चौकशी येते. लग्न खरं आहे का, दोघं एकत्र राहतात का, पूर्ववृत्त काय? पोलीस दारात आले म्हणून घर घाबरतं, शेजारी कुजबुजतात, आणि घाबरलेला सासरा भलतंच काहीतरी सांगून बसतो. हे होणार आहे, हे नेहमीचं आहे, खरं तेच सांगा, इतकं आधी बजावून ठेवणं हे आपलं काम.

परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते, हे तर कुणालाच ठाऊक नसतं. आपण जुन्या सवयीने त्याला ‘सी फॉर्म’ म्हणतो आणि तो लॉजवाल्यांचा समजतो. व्हिसावर नोंदणीची अट असेल तर आल्यापासून १४ दिवसांत तीही करायची. १ सप्टेंबर २०२५ पासून जुने चार कायदे जाऊन आप्रवास आणि विदेशी नागरिक अधिनियम, २०२५ लागू झाला आहे. मुदत संपूनही राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड, बनावट कागदांना दोन ते सात वर्षं. ‘राहिले चार दिवस जास्त, काय होतंय’ हे वाक्य आता आपल्या टेबलावरून हद्दपार व्हावं.

एकदा चुकीच्या रकान्यात पडलेला कागद माणसाचा किती पाठलाग करतो, याचं उदाहरण विदर्भात आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक आणि पुढे मेक्सिकोतले नामांकित कृषिशास्त्रज्ञ. पत्नी बेल्जियन. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी मायदेशी येण्यासाठी व्हिसा मागितला, तर तो आधी नाकारला गेला. इंग्रजांनी घातलेली बंदी इंग्रज गेल्यावरही दप्तरात जिवंत होती! पुढे अडथळा दूर झाला, ते नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. घरवापसीची वाट कुणासाठीच सरळ नव्हती.

ओसीआय कार्डाबद्दल विचारणा सर्वांत जास्त होते. नागरिकत्व अधिनियमाचं कलम ७अ नीट वाचा. लग्न नोंदलेलं असलं पाहिजे आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षं टिकलेलं असलं पाहिजे. म्हणून नोंदणी आधी, मग दोन वर्षं, असं धरूनच चालावं. नोंदणीला केलेला उशीर इथे वसूल होतो. अर्जाची फी भारतात १५,००० रुपये. स्वतः अर्जदार किंवा तिचे आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील किंवा पूर्वी कधी राहिले असतील तर हा मार्ग बंद. कार्ड मिळालं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. हे सासऱ्याला लवकर सांगा, कारण दोन एकर सुनेच्या नावे घेण्याचा बेत पुष्कळ घरांत मनातल्या मनात शिजत असतो. नागरिकत्व हवंच असेल तर कलम ५(१)(ग) खाली सात वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो, पण मूळ नागरिकत्व सोडावं लागतं. नेपाळी सुनेला व्हिसा लागत नाही म्हणून ती आपोआप भारतीय होत नाही, तिलाही हाच रस्ता. पाकिस्तानी नागरिकाशी लग्नाचं प्रकरण निजामकाळापासून नातीगोती पसरलेल्या आपल्या भागात अधूनमधून येतंच. दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे नियम पूर्ण वेगळे आहेत आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर काय धावपळ झाली ते आपण पाहिलं. अशी फाइल सवयीने हाताळू नका.

एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार बरेच दिवस चालला होता. फी सासरा देतो, बोलतो सासरा, कागद आणतो मुलगा. ज्या बाईचं सगळं आयुष्य या फाइलमध्ये आहे ती खुर्चीच्या कडेवर बसून हसत असते, कारण तिला मराठीही येत नाही आणि आपलं इंग्रजीही कळत नाही. तिच्या व्हिसाची प्रत्येक मुदतवाढ नवऱ्याच्या सहीवर चालते. लग्न मोडलं तर ओसीआय कार्ड कलम ७ड खाली रद्द होऊ शकतं. हे तिला कुणी सांगितलेलं असतं का? आपण कुणाचे वकील, हा प्रश्न अशा वेळी अवघड वाटतो, पण तो टाळता येत नाही. निदान एक बैठक तिच्याशी एकटीशी व्हावी, तिला कळेल अशा भाषेत, घरचा माणूस दुभाषा न घेता. प्रत्येक अर्जाची एक प्रत तिच्या हातात द्यावी. ‘हरवेल’ म्हणून तिचा पासपोर्ट सासऱ्याच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवलेला असतो. बहुतेक वेळा त्यात दुष्टावा नसतो, आपल्याकडे मोलाची वस्तू तिथेच ठेवतात. तरी तो तिच्याकडे द्यायला सांगावा, आणि त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर सांगावा.

विशेष विवाह अधिनियमाच्या नोटिशीपासून ओसीआय अर्जापर्यंतची तारखांची तक्ता-चौकट या अंकाच्या मधल्या पानावर आहे. कापून टेबलाच्या काचेखाली ठेवता येईल एवढ्याच आकाराची केली आहे.